वाद्याचा दुसरा धनी

जुने वाद्य कुठे विकायचे, हा प्रश्न पनवेल परिसरात पेटी, म्हणजे हार्मोनियम, आल्यापासून एकाच कसोटीवर सुटत आला आहे: ते वाद्य उघडून बघणारा माणूस कुठे बसतो? जुने कपडे बोहारणीकडे जातात, तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात, जुने लाकूड वखारीत जाते. त्यांची किंमत वजनावर किंवा मापावर ठरते. वाद्याचे तसे नाही. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या पेटीचा भाता फुटलेला असतो, आणि माळ्यावर धूळ खात पडलेल्या पेटीत आज कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत असे सूर निघतात. म्हणून जिथे कारागीर, तिथेच जुन्या वाद्याचा बाजार, असे या व्यापाराचे सूत्र राहिले. पनवेलला वाद्यकारागिरांची पेठ उभी राहिली नाही. पण गाव मुंबई आणि पुण्याच्या वाटेवर असल्याने इथल्या वाद्यमालकाला दोन्हीकडच्या पेठा खुल्या होत्या.

पनवेलचे मोठेपण खाडीचे. मुंबईहून माल आणि उतारू होड्यांतून पनवेल बंदरात उतरत आणि पुढे घाट चढून पुण्याकडे जात. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा ही वाट आणखी वाहती झाली. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. महाराष्ट्रातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. बैलगाड्या आणि गाड्यांची चाके बनवण्यासाठी गावाचे नाव होते. सुतारकामाला हात कमी नव्हते, पण चाक घडवणारा हात आणि सूर लावणारा हात वेगळा. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली ती कल्याण-कर्जत मार्गे. पनवेल बाजूला पडले, आणि मुंबई-पुण्याची मुख्य वर्दळ इथून उठली. वाद्यांच्या व्यापारावर याचा परिणाम सरळ आहे: गिऱ्हाइकांचा ओघ नाही तिथे दुरुस्तीचे दुकान टिकत नाही.

त्या काळी गावोगाव वाजणारी वाद्ये म्हणजे सनई, ढोल, ताशा, संबळ आणि रायगड-रत्नागिरीकडचा खालुबाजा. ही वाद्ये वाजंत्र्यांच्या घरात बापाकडून मुलाकडे जात. ती विकण्याचा प्रसंग क्वचितच येई, कारण ती विकणे म्हणजे पोटाचे साधनच विकणे. शिवाय वाद्य ही नुसती वस्तू नव्हती. दसऱ्याला शस्त्रांबरोबर आणि अवजारांबरोबर वाद्यांचीही पूजा होते. पूजेत मांडलेली वस्तू अनोळखी माणसाच्या हाती पैसे मोजून द्यायला मन तयार होत नाही, आणि हा संकोच आजही अनेक घरांत शिल्लक आहे.

चामड्याच्या वाद्यांना तर जुन्या बाजारात किंमत अशी नसतेच. तबला, पखवाज, ढोलकी यांच्या पुड्या झिजतात, शाई उडते, वाद्या सैल पडतात. कोकणच्या पावसाळी हवेत चामडे ओल धरते आणि सूर उतरतो. त्यामुळे जुना तबला घेणारा माणूस पुडीकडे बघत नाही, खोडाकडे बघतो. खोड जड आहे का, आतून नीट कोरलेले आहे का, कुठे चीर किंवा कीड आहे का, एवढेच तपासले जाते. शिसवाचे किंवा खैराचे जुने, मुरलेले खोड नव्यापेक्षा सरस मानले जाते आणि त्यावर नवी पुडी चढवून तबला पुन्हा उभा राहतो. डग्ग्याचा हिशेब वेगळा. तांब्या-पितळेच्या डग्ग्याला मोडीचा भाव हा कायमचा आधार असतो. त्याखाली तो जात नाही. मातीच्या डग्ग्याला तोही आधार नाही. म्हणून चामड्याचे वाद्य विकण्याची योग्य जागा म्हणजे पुडी चढवणाऱ्याचेच दुकान. तो खोड घेतो, मोबदल्यात नव्या जोडीची किंमत कमी करतो, आणि व्यवहार पैशापेक्षा बदलीत अधिक होतो.

खरा जुना बाजार उभा राहिला तो पेटीमुळे. हार्मोनियमचा जन्म फ्रान्समधला. १८४० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनने तिचा हक्क नोंदवला. मिशनरी आणि साहेबलोकांबरोबर ती हिंदुस्थानात आली तेव्हा ती पायाने भाता मारायची पेटी होती, खुर्चीवर बसून वाजवायची. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी १८८० च्या दशकात हाताने भाता मारायची पेटी रूढ केली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याच्या हाती आली. महाराष्ट्रात हीच वेळ संगीत नाटकाची होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात १८८० मध्ये रंगभूमीवर आले, आणि पुढच्या काही दशकांत पेटी नाटकाच्या साथीत, मग गाण्याच्या बैठकीत, मग कीर्तनात आणि भजनात शिरली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला. कोकणात तिचा सर्वांत मोठा आधार भजनी मंडळे ठरली. पनवेलच्या आसपास सप्ताह, काकड आरती, गणपती आणि नवरात्र यांत पेटी, पखवाज आणि टाळ हवेतच. पनवेलमध्ये १८४९ पासून सिनेगॉग असलेला बेने इस्रायल समाजही १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनाकडे वळला होता. बायबलमधल्या कथा मराठी चालींवर सांगणारी ही परंपरा या जिल्ह्याचे वैशिष्ट्य आहे.

पेटीला जुन्या बाजारात भाव का, हे समजण्यासाठी तिच्या पोटात डोकवावे लागते. पेटीचा जीव सुरांत असतो. सूर म्हणजे पितळी पट्टीवर एका टोकाला बसवलेली पातळ जीभ; भात्याची हवा तिच्यातून गेली की ती थरथरते आणि नाद निघतो. सुरांचे संच खर्ज, नर आणि मादी असे ओळखले जातात, आणि पेटीत एक, दोन की तीन संच आहेत यावर तिची किंमत चढत जाते. पहिल्या काळात हे सूर परदेशातून येत. जर्मन सूर आणि पॅरिसचे सूर ही नावे पेटीवाल्यांच्या तोंडी अजून आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला आणि देशी सुरांवर भिस्त आली. गुजरातमधल्या पालिताण्याने त्यात नाव मिळवले. तेव्हापासून ‘जर्मन सुरांची पेटी’ ही जुन्या बाजारातली सर्वांत मोलाची चीज झाली, कारण तसा माल नव्याने येणे थांबले होते.

इथेच विकणाऱ्याची फसगत होते. घरातल्या माणसाला पेटी ओळखीची असते ती तिच्या बाहेरच्या लाकडावरून, नक्षीवरून, पट्ट्यांच्या रंगावरून. जाणकार मात्र वरची फळी काढतो आणि सूर काढून उजेडात धरतो. सूर लावताना जिभेच्या टोकाकडे घासले तर स्वर चढतो, मुळाकडे घासले तर उतरतो. दर वेळी धातू थोडा कमी होतो. चार वेळा चुकीच्या हातांनी घासलेला सूर जर्मन असला तरी निकामी. कमी घासलेला, कळंक न चढलेला सूर असेल तर सगळी पेटी मोडकी असूनही सौदा मोठा. मग भाता बघायचा. समुद्राकाठच्या दमट हवेत भात्याच्या घड्यांतले चामडे कुजते, कागद सुटतो, बनातीला कसर लागते, उंदीर कोपरे कुरतडतात. पट्ट्या फुगून अडकतात. हे सारे बदलता येते. सूर बदलले तर पेटीच बदलली. म्हणून पुष्कळ जुन्या पेट्यांचा शेवट असा झाला की सूर काढून नव्या खोक्यात बसवले गेले आणि जुने खोके चुलीत किंवा अडगळीत गेले. सागवानी कोरीव काम आणि बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी त्याबरोबर गेली. व्यापाराच्या दृष्टीने हा व्यवहार चोख होता. वाद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने ते नुकसान आहे, आणि मराठी मुलखात ते फार मोठ्या प्रमाणावर झाले.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली. ठरावीक स्वरांत अडकलेली पेटी श्रुतींना आणि मींडेला न्याय देऊ शकत नाही, असा आक्षेप होता. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः उठली. मधली तीन दशके पेटीवादकांना नभोवाणीचे दार बंद होते. तरी पेटीचा बाजार बसला नाही, कारण तो नभोवाणीवर उभा नव्हताच. तो भजनावर, कीर्तनावर आणि नाटकावर उभा होता.

नाटकाचा भाग मात्र याच सुमारास ढासळला. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले. मूकपटांच्या पडद्याखाली बसून वाजवणाऱ्यांचे काम गेले, आणि नाटक मंडळ्या एकामागून एक मिटल्या. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात उतरले, ते याच ओढाताणीतून. मंडळ्यांच्या साथीत जो ऑर्गन वाजत असे तो पेटीचा चुलत भाऊ. पेटी हवा बाहेर ढकलून बोलते, अमेरिकन घडणीचा ऑर्गन हवा आत ओढून बोलतो. म्हणून त्याचा नाद गोल आणि भरदार. एस्टे, मेसन अँड हॅम्लिन अशा अमेरिकन कारखान्यांचे ऑर्गन इथवर आले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या कारखान्यांनी हे काम थांबवले. त्यानंतर मराठी रंगभूमीवर वाजलेला ऑर्गन बहुधा जुनाच होता: कुणाकडून तरी घेतलेला, दुरुस्त केलेला, पुन्हा विकलेला. ज्या वाद्याची नवी प्रत मिळत नाही त्याचा जुना बाजार हाच एकमेव बाजार असतो. अलीकडे राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याला ऑर्गन नव्याने घडवण्याचे काम झाले, ही या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

पनवेलहून वाद्य विकायला निघालेला माणूस पूर्वी मुंबईकडे वळे तो लाँचने, किंवा ठाण्याला वळसा घालून मोटारीने. १९७३ च्या सुमारास वाशीचा खाडीपूल झाला आणि हा वळसा संपला. एसटीच्या टपावर गोणपाटात बांधलेली पेटी हे दृश्य त्या काळच्या पनवेल स्थानकात नवे नव्हते. मुंबईत जुन्या वाद्यांसाठी तीन ठिकाणे होती आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा.

दादर हे पेटी-तबल्याचे. मराठी वस्ती, गाण्याचे वर्ग, नाट्यगृहे आणि त्यांच्या आधाराने हरिभाऊ विश्वनाथांसारखी वाद्यांची दुकाने. इथे पेटीची पारख करणारा माणूस सापडतो. इथे पेटी विकली तर ती बहुधा पुन्हा पेटी म्हणूनच वाजते. धोबीतलावाचा भाग विलायती वाद्यांचा. १८६५ मध्ये सुरू झालेली फुर्तादो ही पेढी याच परिसरातली, आणि गोव्याहून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती वादकांचे कूड म्हणजे गाववार क्लबही इथलेच. व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. नोटेशन वाचणारे वादक जवळपास राहत, म्हणून त्यांची वाद्येही तिथेच हातोहात फिरत. १९८० च्या दशकात सिंथेसायझर स्टुडिओत शिरले आणि १९९० च्या दशकात मोठे वाद्यवृंद मोडीत निघाले, तेव्हा आयुष्यभर वाजवलेली व्हायोलिने घरोघर खोक्यांत मिटली. वाजवणारा नाही तेव्हा विकणारेच उरतात, भाव पडतो. याचा फायदा शिकणाऱ्या मुलांना झाला, हे त्यातले चांगले.

तिसरे ठिकाण चोरबाजार. भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटच्या आसपास हा बाजार भरतो, आणि शुक्रवारी पहाटे रस्त्यावर जुन्या वस्तूंचा जुम्मा बाजार मांडला जातो. ग्रामोफोन, जुने घड्याळ, पितळी कर्णा, पायपेटी, मोडका पियानो असे काहीही इथे विकले जाते. पण इथे वाद्य विकले जाते ते दिवाणखान्यात मांडायची शोभेची वस्तू म्हणून. गिऱ्हाईक आवाज विचारत नाही, जुनेपण विचारते. ज्या पेटीचे सूर कायमचे गेले पण खोके देखणे आहे तिच्यासाठी ही जागा योग्य. वाजती पेटी इथे नेणे म्हणजे तिची निम्मी किंमत आणि सगळे आयुष्य सोडून देणे.

पुण्याकडची वाट वेगळ्या वाद्यांसाठी होती. तिथल्या मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि लोखंडी सामानापासून पितळी मूर्तींपर्यंत सारे तिथे मिळते. वाद्याच्या बाबतीत त्याचा स्वभाव चोरबाजाराच्या जवळचा. पण पुण्यातूनच पुढे मिरजेची वाट जाते. तंबोरा आणि सतार यांच्यासाठी महाराष्ट्रात मिरजेला पर्याय नाही. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या कामाकडे वळली, फरीदसाहेबांपासून त्यांची परंपरा सांगितली जाते, आणि पंढरपूर-सोलापूरकडच्या भोपळ्यांवर हा उद्योग वाढला. अब्दुल करीम खाँसाहेबांचे मिरजेतले वास्तव्य त्याला पोषक ठरले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुना तंबोरा विकायचा असेल तर तो बनवणाऱ्याच्या घराण्याला दाखवणे सर्वांत शहाणपणाचे. भोपळ्याला चीर आहे का, दांडी वाकली आहे का, घोडी झिजली आहे का, जवारी पुन्हा काढता येईल का, हे तिथल्या माणसाला एका नजरेत कळते. जुना भोपळा जितका वाळलेला तितका गोड बोलतो, म्हणून तंबोरा हे वयाबरोबर किंमत वाढणाऱ्या थोड्या वाद्यांपैकी आहे.

तंबोऱ्याच्या बाबतीत एक कायदा मात्र विकणाऱ्याने जाणून घ्यायलाच हवा. जुन्या तंबोऱ्यांवर आणि सतारींवर हस्तिदंताचे जडावकाम असते, जुन्या पियानोच्या पट्ट्यांवरही हस्तिदंत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. आजोबांनी रीतसर घेतलेले वाद्य असले तरी ते विकता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू परदेशी पाठवायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. शिसवी लाकडाच्या वाद्यांवरही आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध २०१७ मध्ये आले होते. तयार वाद्यांना त्यातून २०१९ च्या अखेरीस सूट मिळाली. परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांकडे घरचा तंबोरा पाठवू पाहणाऱ्या कुटुंबांना हे फारसे ठाऊक नसते. अशा वाद्यांसाठी विक्रीपेक्षा संग्रहालय बरे. पुण्यात दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून, खेड्यापाड्यांतून वस्तू गोळा केल्या, त्यांत वाद्यांचे मोठे दालन उभे राहिले, आणि तो संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. तिथे आज जी वाद्ये दिसतात ती वेळीच हाती पडली म्हणून वाचली.

पनवेल परिसराचे स्वतःचे म्हणावे असे जुने वाद्य कोणते, तर बँजो. आगरी-कोळी लग्नाच्या हळदीत आणि वरातीत वाजणारी बँजो पार्टी या भागाची ओळख आहे. तिच्यातला बँजो हा अमेरिकन बँजो नव्हे. जपानमध्ये १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्राच्या कळांसारख्या कळा बसवून तैशोगोतो हे तंतुवाद्य काढले. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झाले, आणि मुंबई-कोकणात त्याला विजेची जोड मिळून बँजो. त्याच्या जोडीला ढोल, ताशा, मग की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. रोलंडचे पहिले ऑक्टोपॅड १९८५ चे, आणि १९९८ मध्ये आलेले एसपीडी-२० तर पार्टीवाल्यांच्या घरात नांदले. कॅसिओने पहिला की-बोर्ड १९८० मध्ये काढला आणि पुढे महाराष्ट्रात सगळ्याच छोट्या की-बोर्डांना ‘कॅसिओ’ हे नाव पडले.

या विजेच्या वाद्यांचा जुना बाजार वेगळ्या कारणाने तेजीत होता. आयातीवर परवाने आणि भारी कर होते. नवे वाद्य दुकानात सहज मिळत नसे. आखातातून येणाऱ्याच्या सामानात किंवा एखाद्या खलाशाच्या पेटीत ते येई. म्हणून पाच वर्षे वाजवलेला की-बोर्डही घेतलेल्या किमतीच्या जवळपास विकला जाई. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी आणि २००१ मध्ये उठलेल्या आयात निर्बंधांनी हा आधार गेला. आता नवे मॉडेल आले की जुने उतरते. पेटीचे सूर मुरतात, की-बोर्डचे इलेक्ट्रॉनिक सामान जुने होते. ज्याने हा फरक ओळखला नाही त्याने वाट बघत बसून नुकसान सोसले.

बँजो पार्टीचे सामान सुटे विकले जात नाही. पार्टी मोडली की ढोल, ताशे, बँजो, भोंगे, स्पीकर, कधी गणवेशासह सगळा संच दुसऱ्या गावातल्या नव्या पार्टीकडे जातो. विकत घेणारा बहुधा ओळखीचा, बहुधा त्याच पार्टीतून फुटून निघालेला. इथे दलाल लागत नाही, दुकान लागत नाही. उरण, पेण, पनवेल आणि अलिबाग या पट्ट्यात कुणाची पार्टी मोडली ही बातमी स्वतःच फिरते. हंगामही ठरलेला. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होते, त्याआधी घेणारा घाईत असतो आणि भाव विकणाऱ्याच्या बाजूने असतो. पेटी-पखवाजाचा हंगाम त्याहून अलीकडे: श्रावणात भजनी मंडळे जमवाजमव करतात, कारण गणपती तोंडावर आलेले असतात. भर पावसात वैशाखातली पार्टी विकायला काढणे हे अडलेल्या माणसाचे लक्षण समजले जाते आणि भावही तसाच मिळतो. २०२० च्या टाळेबंदीत हेच घडले. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, मिरवणुका थांबल्या, आणि वादकांना वाद्ये विकावी लागली. घेणारा कुणी नव्हता, कारण सगळेच विकणारे होते.

दरम्यान पनवेल बदलले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसू लागली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभी राहिली. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली आणि त्याच वर्षी कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांनी मुलांना गिटार, की-बोर्ड, तबला, पेटी शिकवायला घातले आणि त्यातून जुन्या वाद्यांचा एक नवाच पुरवठा तयार झाला: दोन वर्षे वाजवलेले, दहावीच्या वर्षी बंद पडलेले वाद्य. ते बिघडलेले नसते, झिजलेलेही नसते. फक्त सोडून दिलेले असते. पूर्वी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत त्याची ओळ छापून येई. मग ओएलएक्स आणि क्विकर आले, नंतर फेसबुक आणि व्हॉट्सॲपचे गट. पनवेलच्या माणसाला प्रथमच घरबसल्या गिऱ्हाईक मिळू लागले.

सोयीची ही जागा वाद्यासाठी सर्वांत आंधळी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. छायाचित्रात सूर ऐकू येत नाही आणि खोडातली चीर दिसत नाही. त्यामुळे कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक असलेली वाद्ये, म्हणजे की-बोर्ड, ऑक्टोपॅड, गिटार, तिथे ठीक विकली जातात. त्यांची नवी किंमत सर्वांना ठाऊक असते. पेटी आणि तंबोरा तिथे हमखास स्वस्तात जातात. फसवणुकीची एक पद्धतही तिथे रुळली आहे: घेणारा म्हणवणारा माणूस पैसे पाठवण्याच्या नावाखाली क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात ते विकणाऱ्याच्याच खात्यातून.

आजच्या पनवेलकरासाठी निवड म्हणूनच जुन्या सूत्रावर येऊन थांबते. शाळकरी मुलाचा की-बोर्ड जाहिरातीवर जाऊ दे. तबल्याचे खोड पुडीवाल्याकडे, पार्टीचा संच दुसऱ्या पार्टीकडे, तंबोरा मिरजेला, व्हायोलिन धोबीतलावाच्या बाजूला. हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरले तर चोरबाजार जवळ, आणि मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले तर धोबीतलाव चालत गाठता येतो. कुर्ल्याला गाडी बदलली की दादर. पेटी मात्र एकाच जागी दाखवून विकू नये. किमान दोन पेटीवाल्यांसमोर ती उघडावी, सूर कुठले आहेत ते विचारावे, बनवणाऱ्याच्या नावाच्या पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि भाव थोडा कमी आला तरी ती न मोडता वाजवणाऱ्यालाच द्यावी.